रेडमंड-बेलव्ह्यूला येताय? घर बघतानाच लायब्ररीची हद्द बघा

पुण्याहून इथे अमेरिकेत, सिअ‍ॅटलशेजारच्या रेडमंडला येताय, मुलं शाळकरी आहेत, तर लायब्ररीची अनामत-वर्गणी किती आणि घर रेडमंडऐवजी सिअ‍ॅटलला घेतलं तर काही फरक पडतो का, असं विचारलंयत. अनामत नाही, वर्गणीही नाही. फरक मात्र पडतो.

सिअ‍ॅटल शहराची लायब्ररी वेगळी. रेडमंड, बेलव्ह्यू, इसाक्वा, समामिश, रेंटन हा सगळा पट्टा किंग काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लायब्ररी सिस्टीमकडे येतो. ती नगरपालिकेचं खातं नाही, स्वतःचा कर असलेला स्वतंत्र ‘डिस्ट्रिक्ट’, म्हणजे फक्त लायब्ररीसाठीची स्थानिक संस्था आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्याने संस्थांच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि उरलेलं वर्गणीतून भागवतात. इथे घरपट्टीतच लायब्ररीची ओळ असते. भाड्याने राहिलात तरी घरमालक ती भाड्यातून वसूल करतोच, तेव्हा फुकट वापरतोय असा संकोच नको.

डिस्ट्रिक्ट 1942 मध्ये मतदानाने झाला, तोही खेड्यापाड्यांसाठी. मग सिअ‍ॅटल आणि बेलव्ह्यूच्या मधल्या लेक वॉशिंग्टन सरोवरावरच्या तरंगत्या पुलांमुळे (पहिला 1940, दुसरा 1963) पूर्वेकडे वस्ती फुगत गेली. इमारतींसाठी लोकांनी 1966 मध्ये 60 लाख डॉलरचे रोखे मंजूर केले, 1988 मध्ये 6 कोटी 70 लाखांचे आणि 2004 मध्ये 17 कोटी 20 लाखांचे. रोख्यांना 60 टक्के मतं लागतात, त्यामुळे हे आकडे किरकोळ समजू नका. स्वतःची लायब्ररी चालवणारी शहरंही एकेक करत सामील झाली: बेलव्ह्यू 1985 मध्ये, रेंटन 2010 मध्ये, तेही निसटत्या बहुमताने. रेंटनची 1966 ची इमारत सीडर नदीच्या पात्रावर उभी आहे. लायब्ररी तिथून हलवायची चर्चा सुरू झाली, तेव्हा लोकांनी 2012 मध्ये मतदान करून ती नदीवरच ठेवायला लावली. असला हट्ट मला आवडतो.

कराचं गणित जरा उलटं आहे. कायद्याने कमाल दर घराच्या दर 1000 डॉलर किमतीमागे 50 सेंट. म्हणजे 10 लाखांच्या घराला जास्तीत जास्त 500 डॉलर. पण नवी बांधकामं सोडली तर डिस्ट्रिक्टचं एकूण उत्पन्न मतदानाशिवाय वर्षाला 1 टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. घरांच्या किमती भडकल्या की दर आपोआप खाली येतो, पगार आणि पुस्तकांच्या किमती मात्र चढतच राहतात. मग दर वर न्यायला पुन्हा लोकांकडे जावं लागतं. 2010 मध्ये तेच झालं. व्हिसावर असताना तुम्हाला मत नाही, पण विश्वस्त मंडळाच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात.

आता कामाचं. फसगत होते ती पत्त्यात. व्हाइट सेंटर, स्कायवे इथल्या पत्त्यावर टपालखातं ‘सिअ‍ॅटल’ लिहितं, पण या वस्त्या शहराच्या हद्दीबाहेर आहेत आणि लायब्ररी काउंटीची. करार करण्याआधी पत्ता हद्दीच्या नकाशात टाकून बघा. दोन्ही लायब्रऱ्यांचा आपसात करार असल्याने दुसरीकडचं कार्डही काढता येतं. मात्र ई-बुकांच्या परवान्यामुळे हद्दीबाहेरच्यांना निर्बंध येतात, आणि पुस्तक जिथलं तिथेच परत करणं बरं.

कार्डासाठी फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून भाडेकरार किंवा विजेचं बिल न्या. कंपनीच्या तात्पुरत्या घरात करार तुमच्या नावावर नसतो. मग बँकेचं त्या पत्त्यावर आलेलं पत्र दाखवून बघा. तोवर ऑनलाइन मिळणाऱ्या नंबरावर ई-बुकं सुरू होतात.

शाखा लहान असली म्हणून नाक मुरडू नका. कॅटलॉगमधून मागवलेलं पुस्तक प्रेस्टनच्या यांत्रिक छाननी केंद्रातून तुमच्या शाखेत येतं. (छाननीच्या वेगाची न्यूयॉर्कच्या लायब्ररीशी पैज लागायची, म्हणजे यंत्र कसलं असेल बघा!) आलेलं पुस्तक ठरावीक दिवसच राखून ठेवतात, ते उचललं नाही तर पुढच्याला जातं. तेव्हा सुट्टीवर जाताना मागणी रद्द न करता तात्पुरती थांबवा, रांगेतला नंबर टिकतो. मराठी पुस्तकं शोधताना कॅटलॉगला भाषेची चाळणी लावा आणि नाव रोमन लिपीत टाइप करून बघा. देवनागरीत काही सापडलं नाही म्हणजे पुस्तक नाहीच, असं धरू नका.