विद्यार्थी संशोधन पत्रिकेत लेख दिला तर कॉपीराइट कोणाकडे राहतो?

तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या एका कॉलेजच्या पत्रिकेनं लेख स्वीकारलाय, पत्रिका ओपन ॲक्सेस आहे, तरी 'कॉपीराइट ट्रान्सफर'चा फॉर्म भरून मागतायत. मग लेख तुमचा राहतो का?

आधी माझी फजिती सांगतो. भूगोलात एम.ए. करताना निफाड तालुक्यातल्या कांदा चाळींवर लेख लिहिला होता. फॉर्म आला तेव्हा नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळ गाडीच्या सीटवर कागद टेकवून सही ठोकली, वाचलं काहीच नाही. दोन वर्षांनी गावच्या शेतकरी मेळाव्यासाठी त्याच लेखाची मराठी पुस्तिका काढायची ठरली, तेव्हा फॉर्म उघडला. 'सर्व हक्क, सर्व भाषांत, कायमस्वरूपी.' भाषांतराचा हक्कसुद्धा गेला होता. परवानगीसाठी मेल केले, तोवर संपादक सर बदललेले. उत्तर आलं तेव्हा मेळावा उरकून चाळीतला कांदाही विकला गेला होता. आणि गंमत म्हणजे पत्रिका ओपन ॲक्सेसच होती!

ओपन ॲक्सेस म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणं. मळ्यात कोणीही फिरा म्हटलं म्हणून सातबारा कोणाच्या नावावर आहे ते कळत नाही, तसंच हे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतः लिहिलेल्या लेखाचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. 'आमच्याकडे छापलं म्हणजे आमचं' हे तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमस्वरूपी', 'जगभर' असे शब्द दिसले की थांबा. हक्क दिले तरी लेखक म्हणून नाव लावायचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमचाच राहतो. पण नुसत्या नावावर पुस्तिका छापता येत नाही, हे मी अनुभवलंय.

आता संपादकांना सरळ मेल करा: 'कॉपीराइट माझ्याकडे ठेवून तुम्हाला छापायची परवानगी देतो, चालेल का?' विद्यार्थी पत्रिकांचे संपादक बहुतेक वेळा कुठूनतरी उचललेला फॉर्म पुढे ढकलतात. कोणी विचारलं तर बदलायलाही तयार होतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (म्हणजे काही अटींवर लेख वापरायची सगळ्यांना आधीच दिलेली तयार परवानगी) असेल तर कोणता ते बघा. 'सीसी बाय' असेल तर तुमचं नाव देऊन कोणीही लेख वापरू शकतो, गाईडवालासुद्धा, विकायलाही. ते नको असेल तर 'एनसी' (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई) जोडलेला परवाना मागा. मी स्वतः 'सीसी बाय'च निवडतो. लेख चार ठिकाणी फिरला तर बरंच आहे. मात्र एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही.

सहलेखक असेल तर त्याच्याशीही बोलून घ्या. आणि लेखातले फोटो तपासा. माझ्या लेखातला चाळीचा सगळ्यात चांगला फोटो मित्रानं काढलेला होता. त्याचा कॉपीराइट त्याच्याकडे, आणि तो मी पत्रिकेला लिहून दिला होता.