उत्तराखंडमधील माणा गावाची लोकसंख्या किती आहे आणि तेथे कसे पोहोचावे?

२०११ च्या जनगणनेनुसार चमोली जिल्ह्यातील माणा गावाची लोकसंख्या सुमारे १,२०० आहे. मात्र हा आकडा वर्षभर गावात राहणाऱ्यांचा समजू नये. येथील भोटिया (हिमालयाच्या सीमाभागातील एक जमात) कुटुंबे हिवाळ्यात बर्फ पडू लागण्यापूर्वी गुरे, धान्य आणि विणकामाची लोकर घेऊन गोपेश्वरसारख्या खालच्या भागांत उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणूनच उत्तराखंडमधील हिमाच्छादित भागांसाठी त्या जनगणनेचा संदर्भदिन (ज्या दिवशीची लोकसंख्या धरली जाते तो दिवस) १ मार्च २०११ ऐवजी १ ऑक्टोबर २०१० ठेवला होता, आणि माझ्या मते अशा प्रदेशासाठी तीच योग्य पद्धत आहे.

गावात रेल्वे नाही. जवळचे स्थानक ऋषिकेश असून तेथून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग आणि जोशीमठमार्गे बद्रीनाथपर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास बस किंवा जीपने करावा लागतो. बद्रीनाथपासून माणा अवघे तीन किलोमीटर आहे. विमानाने यायचे असल्यास डेहराडूनचे जॉली ग्रांट विमानतळ सोयीचे. ऋषिकेश ते कर्णप्रयाग हा १२५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला जात असून तो पूर्ण झाल्यावर रस्त्याचा बराच पल्ला वाचेल.

वाहने गावाच्या वेशीपाशी थांबतात. पुढे दगडी घरांमधून, दारात स्वेटर आणि टोप्या विणत बसलेल्या स्त्रियांजवळून जाणाऱ्या अरुंद वाटेने सरस्वती नदीवरील भीमपुलापर्यंत पायीच जावे लागते. पावसाळ्यात दरडींमुळे रस्ता अनेकदा बंद पडतो, त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा आणि परतीच्या तिकिटापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा.