गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात नेमका कोणकोणता भाग येतो?

नावावरून दोनच तालुके वाटतात, पण मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलाय. गडचिरोलीतले आरमोरी, गडचिरोली, अहेरी, चंद्रपूरचे ब्रह्मपुरी आणि चिमूर, आणि गोंदियाचं आमगाव, असे सहा विधानसभा मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेत बनला, एसटी म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. आता बघा, आमगाव वर मध्य प्रदेशच्या बॉर्डरला आणि अहेरीतलं सिरोंचा पार खाली तेलंगणाला लागून, तिथे बाजारात तेलुगू ऐकू येते, खासदार एकच! दोन्हीकडे पोचायचं म्हणजे खायचं काम नाही. नक्षलग्रस्त पट्ट्यात मतदान दुपारी ३ लाच बंद होतं, काही पोलिंग पार्ट्या तर हेलिकॉप्टरनं जातात. २०२४ ला काँग्रेसचे नामदेव किरसान निवडून आले, त्याआधी दोन टर्म भाजपचे अशोक नेते होते.