आजोबांना काय विचारावे?

गेल्या अंकात पायदळातील जवानांच्या आठवणींविषयी लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः सैनिक नव्हे. माझे वडील १९६५ च्या लढाईत पायदळात शिपाई होते, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यातील जुन्या जवानांकडे जाऊन बसणे, त्यांचे ऐकणे आणि ते वहीत उतरवून ठेवणे हेच माझे काम झाले आहे. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून देत नाही.

प्रश्न : माझे सासरे १९७१ च्या युद्धात पायदळात शिपाई होते आणि पूर्वेकडच्या आघाडीवर लढले होते. आता त्यांचे वय ऐंशीच्या जवळ आहे. नातवंडे टीव्हीवर युद्धाचे चित्रपट पाहतात आणि "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?" असे विचारतात. मामंजी काही न बोलता उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. कधी कधी रात्री दचकून उठतात. आम्ही त्यांना बोलते करावे की हा विषयच काढू नये? (एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर)

उत्तर : विषय जरूर काढावा, परंतु तो प्रश्न मुलांनी पुन्हा विचारू नये. त्याला दोन कारणे आहेत. पायदळातील शिपायाला बहुतेक वेळा त्याचे उत्तरच ठाऊक नसते. अंधारात, समोरच्या झाडीतून ठिणग्या दिसतील तिकडे दहा जण एकाच वेळी गोळ्या झाडत असतात आणि सकाळी समोर जे पडलेले दिसते ते कोणाच्या गोळीने पडले हे सांगता येत नाही. आणि ज्याला ते ठाऊक असते, म्हणजे ज्याने समोरच्याचा चेहरा पाहिलेला असतो, त्याला ते नातवाला सांगावेसे वाटत नाही. मी भेटलेल्या जवानांपैकी एकानेही ही संख्या मला आपण होऊन सांगितली नाही, आणि मी ती कधी विचारलीही नाही.

चित्रपटात लढाई म्हणजे धावणे आणि गोळीबार. शिपायाच्या आठवणीतली लढाई मात्र बरीचशी चालण्याची, खणण्याची, वाट पाहण्याची आणि जागरणाची असते. १९७१ चे युद्ध कागदावर ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पण पायदळाच्या पलटणी त्याच्या कितीतरी आधीपासून सीमेवर मोर्चे, म्हणजे आडोशाचे खड्डे, खणून बसलेल्या होत्या. पुढे नद्या, खाचरे आणि चिखल यांतून वाहने जाईनात, तेव्हा दारूगोळा डोक्याखांद्यावर घेऊन माणसेच चालली. आपले सासरे कोणत्या पलटणीत होते हे आपण लिहिलेले नाही, म्हणून एका पलटणीचे उदाहरण देतो. पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, जिला जंगी पलटण म्हणतात, ती जमालपूरच्या लढाईत ब्रह्मपुत्रेचे पात्र ओलांडून शहराच्या पाठीमागे टांगाईलच्या रस्त्यावर जाऊन बसली. १० डिसेंबरच्या रात्री शहरातली पाकिस्तानी फौज त्याच रस्त्याने बाहेर पडू पाहत होती, आणि ती या पलटणीच्या मोर्चांवर येऊन आदळली. पुस्तकात ही लढाई एका परिच्छेदात संपते. ज्यांनी ती लढवली त्यांच्यासाठी मात्र ती ओल्या मातीत, बोटे आखडलेल्या स्थितीत, रस्त्यावरची पावले जवळ येईपर्यंत गोळी न झाडता पडून राहण्याची रात्र होती.

सांगोला तालुक्यातील एका वृद्ध जवानाने मला मोर्चा म्हणजे काय हे अंगणातच दाखवले. त्यांनी हातातील काठीने मातीवर एक लांबट चौकोन आखला, दोन माणसे उभी राहतील एवढा, आणि मग काठी स्वतःच्या छातीला लावून खोली दाखवली. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी गुडघ्याइतकं खणलं आन् हात दुखतात म्हणून बसलो. दुपारी तोफेचे गोळे पडले. सांजच्याला छातीएवढं झालं, कुणी सांगावं लागलं न्हाई." यामागचे कारण सरळ आहे. जमिनीवर फुटलेल्या गोळ्याचे तुकडे वर आणि आजूबाजूला उडतात, त्यामुळे जमिनीच्या पातळीखाली असलेला माणूस नेमका त्याच्याच खड्ड्यात गोळा पडला नाही तर बहुधा वाचतो. म्हणून जुना शिपाई बंदुकीइतकाच गैंती-बेलच्याला, म्हणजे कुदळ-फावड्याला, मान देतो. त्याच गृहस्थांनी आवाजांविषयीही सांगितले. डोक्याजवळून गेलेली गोळी आधी चाबकासारखी कडाडते आणि बंदुकीचा बार मागाहून ऐकू येतो, कारण गोळी आवाजाच्या पुढे धावते. तोफेच्या गोळ्याची शीळ येते, ती ऐकून लोळण घेता येते. पण उखळी तोफेचा, म्हणजे मॉर्टरचा, गोळा जवळजवळ सरळ वरून उतरतो आणि फारशी सूचना देत नाही. "त्याचं भ्या सगळ्यात जास्त," असे ते म्हणाले आणि बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिले. घरातून सुनेने चहा आणला तेव्हा त्यांनी तो चौकोन पायाने पुसून टाकला.

शिपायाचे जग लहान असते, हेही मुलांना समजावून सांगावे. पलटणीत आठशेच्या आसपास माणसे असली, तरी त्याचे रोजचे जग म्हणजे त्याचे सेक्शन, म्हणजे दहा माणसे आणि एक लाइट मशीनगन. त्यांच्यावर एक नाईक किंवा हवालदार. पहाटे आणि संध्याकाळी उजेड-अंधाराच्या वेळेला हल्ला होण्याची भीती असते, म्हणून त्या वेळी सगळे मोर्चात हत्यार रोखून उभे राहतात. रात्री पाळीपाळीने पहारा, आणि दूरवर दिसेल म्हणून विडीसुद्धा ओंजळीत लपवून. त्या दहांपैकी कोणाची बायको बाळंत होणार आहे, कोणाच्या घरी विहिरीवरून भावकीचा वाद चालला आहे, कोण झोपेत बडबडतो, हे सगळे प्रत्येकाला पाठ असते. अशा माणसांपैकी एखादा सकाळी शेजारी नसतो. आपल्या सासऱ्यांना रात्री जे दिसते ते शत्रूचेच असेल असे मी मानत नाही. माझ्या वडिलांना अखेरपर्यंत दिसत होता तो त्यांच्या शेजारच्या मोर्चातला, खोबऱ्याची वाटी दातांनी फोडून अर्धी त्यांना देणारा त्यांचा जोडीदार.

म्हणून मुलांना लहान प्रश्न विचारायला शिकवा. तुमच्या मोर्चात तुमच्याबरोबर कोण होते, लंगरातले जेवण पुढे कसे पोहोचायचे, पाय ओले राहिले की काय करायचे, पहाऱ्यावर झोप येऊ नये म्हणून काय करायचात, असे. या प्रश्नांना उत्तरे मिळतात, आणि एका उत्तरातून दुसरे निघते. ते मध्येच थांबले तर थांबू द्यावे, "मग पुढे काय झालं?" असे लगेच विचारू नये. बोलणे ओट्यावरच व्हावे, दिवाणखान्यात सगळ्यांसमोर नव्हे.

दचकून उठण्याबद्दल मात्र केवळ गप्पांवर विसंबू नका. पहिल्या महायुद्धात अशा जवानांना "शेल शॉक" झाला असे म्हणत, आणि आरंभी डॉक्टरांना वाटे की जवळ फुटलेल्या गोळ्याच्या धक्क्याने मेंदूच हादरला आहे. पुढे गोळा जवळ न फुटलेल्या माणसांतही तीच लक्षणे दिसली. हा भित्रेपणा नव्हे आणि म्हातारपणाची सवयही नव्हे. त्यावर उपचार आहेत. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. तेथील डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागावी. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

प्रश्न : मी भरतीची तयारी करीत आहे. प्रत्यक्ष लढाईत शौर्य हे रागातून येते का? भीती वाटत असेल तर मी सैनिक होण्यास लायक नाही का? (एक वाचक, वय १९, माळशिरस)

उत्तर : तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. तोंड कोरडे पडणे, गुडघे थरथरणे, पोटात कळ येणे हे मी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक जवानाने सांगितले आहे, आणि त्यांत पदके मिळालेलेही होते.

दोन मराठी शिपायांची हकीकत लक्षपूर्वक वाचा. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच, सेनिओ नदीवर. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोहोचवणारे. नदी ओलांडताच मशीनगनांनी त्यांची तुकडी जवळजवळ संपवली. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले. या माणसाने सर्वांत आधी काय केले? एका जखमीला उचलून पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेले. मग परत येऊन दुसऱ्याला नेले. शत्रूच्या ठाण्यांवर ते तिसऱ्या फेरीत गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. तिन्ही मशीनगना बंद पडल्यावर बांधाच्या माथ्यावर उभे राहून युद्धघोषणा देत त्यांनी बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत घरी आले.

सोबती मेल्याचा राग जाधवांच्या मनात होताच, त्यांच्या शौर्यपत्रात तसे लिहिलेही आहे. पण रागाआधी दोन फेऱ्या आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. पोलीस मैदानावर सोळाशे मीटर धावण्याचा सराव करता, तसाच एखाद्या मित्राला खांद्यावर घेऊन चालण्याचाही करा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत त्यांनी घरी लिहिलेली पत्रे सापडली. प्रत्येकात "मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी" एवढेच आहे. पत्त्यात गावाचे नाव नाही, फक्त "५६ एपीओ" आहे. त्यांना घरच्यांविषयी ओढ नव्हती का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : ओढ होती म्हणूनच पत्रे आहेत. पलटण कोठे आहे हे शिपायाला लिहिता येत नाही, आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या सैनिकी टपालाच्या पत्त्यांवरूनही ठिकाण कळू नये अशीच त्यांची रचना असते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आलेली हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असत, तेव्हा शिपाई आडून लिहीत : काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशा अर्थाचे. काळी मिरी म्हणजे आपली माणसे आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे सेन्सॉरलाही कळत होते. आपल्या आजोबांच्या पत्रांतही पाऊसपाणी, बैल, देणी यांविषयी काय लिहिले आहे ते तारखांच्या क्रमाने लावून वाचा. कोठल्या पत्रात अक्षर बदलले आहे तेही पाहा. हाताला इजा झाली की जवान शेजाऱ्याकडून लिहून घेतात.

प्रश्न : आमचे पणजोबा "बसऱ्याच्या लढाईत" गेले एवढेच घरात सांगतात. त्यांचे नाव कोठे मिळेल? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पहिल्या महायुद्धात तेथे अनेक मराठा पलटणी होत्या. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, तो वेढा चालला. अन्न संपत गेले तसे घोडे मारून खाण्याची वेळ आली. बहुसंख्य हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस घेतले नाही, त्यामुळे ते अधिक खंगले आणि हिरड्या सुजून रक्त येण्याचा स्कर्व्हीचा रोग त्यांच्यात जास्त पसरला. शरणागतीनंतर त्यांना उन्हातून, अन्नपाण्याविना, शेकडो मैल चालवत नेले आणि अनेकांना रेल्वेच्या कामावर जुंपले. जे वाटेत पडले त्यांच्या कबरी नाहीत आणि चिताही नाहीत.

बसऱ्याजवळ, त्या आघाडीवर मेलेल्यांचे मोठे स्मारक आहे, पण त्यावर आपल्या पणजोबांचे नाव शोधू नका. गोऱ्या शिपायांची नावे तेथे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या कोरली. ही गोष्ट मला प्रथम समजली त्या दिवशी माझ्या हातून काही लिहून झाले नाही.

नावे मात्र नोंदवहीत आहेत. ती राखणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध विनामूल्य घेता येतो. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : त्या काळी मंगळवेढा सांगली संस्थानात होते, तेव्हा जिल्हा म्हणून सोलापूर टाकून नोंद मिळाली नाही तर सांगली टाकून पाहावे. इंग्रज कारकुनांनी मराठी नावे कानाला लागली तशी लिहिली आहेत, म्हणून एका नावाची पाच-सहा स्पेलिंगे करून पाहावी लागतात. एकाच पलटणीत त्याच नावाचे दोन-तीन शिपाई निघतात, आणि मग ओळख पटते ती बापाच्या नावावरून व गावावरून, कारण अनेक नोंदींत तेवढेच दिलेले असते. आपण पत्रात पणजोबांचे नाव, आडनाव आणि त्यांच्या आईचे नाव दिले आहे. वडिलांचे नाव राहून गेले आहे. घरातील कोणी वडीलधारे, तलाठ्याकडील जुने फेरफार किंवा पंढरपूरच्या बडव्या-उत्पातांकडील यात्रेकरूंच्या वह्या यांतून ते मिळाले, तर कळवा. पुढची नोंदवही आपण दोघे मिळून पाहू.