८४ टक्के जुळला, पण हा माणूस कोण?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी न्यू जर्सीला असते, मागच्या वर्षी अमेरिकन सिटिझन झाली आणि २०२८ ला प्रेसिडेंटसाठी पहिल्यांदा मत देणार आहे. तिने फॅमिली ग्रुपवर एक क्विझ टाकली, प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमचा उमेदवार कोणता ते बघा, उमेदवार सगळे २०२४ चे होते. आम्ही इथे मुलुंडला बसून सगळ्यांनी दिली. मला ८४ टक्के कोणीतरी तिसऱ्याच पक्षाचा माणूस आला, ज्याचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बायकोला जो अजिबात आवडत नाही तोच तिला पहिला आला. जावई म्हणतात मशीन खोटं बोलत नाही. घरात दोन दिवस अबोला आहे. हे टक्के खरे धरायचे का? — एक वडील, मुलुंड पूर्व

उत्तर: काका, आधी काकूंशी बोलायला लागा, क्विझ नंतर बघू.

तुम्ही मुलीचं लग्न जमवताना पत्रिका बघितली असेलच, नसेल तर शेजाऱ्यांनी तरी बघायला लावली असेल. ३६ पैकी २८ गुण जुळले म्हणून आपण पेढे वाटतो, पण ते २८ कुठून आले? नाडीला ८ गुण आणि वर्णाला १, असं कोणीतरी आधीच ठरवून ठेवलंय म्हणून आले. क्विझचंही तेच. प्रश्न कोणते घ्यायचे आणि कशाला किती वजन द्यायचं हे बनवणाऱ्याने ठरवलं, तुम्ही फक्त बटणं दाबलीत. जावयांचं बरोबर आहे, मशीन खोटं बोलत नाही, ते बिचारं नुसती बेरीज करतं.

बेरीज कशी ते साध्या हिशोबात सांगते. समजा दहा प्रश्न आहेत, सात जुळले, झाले ७० टक्के. आता न जुळलेल्या तीनपैकी एक प्रश्न तुमच्या जिव्हाळ्याचा आहे, मुलीच्या ग्रीन कार्डच्या रांगेत तुम्ही वर्षानुवर्षं जीव टांगून बसला होतात म्हणून इमिग्रेशनचा प्रश्न समजा, आणि तिथे तुम्ही 'माझ्यासाठी महत्त्वाचं' टिक केलं की तो डबल धरला जातो, म्हणजे ११ पैकी ७, आले ६४ वर. उमेदवार तोच, तुम्ही तेच, टक्के सहाने खाली. काकूंनी हे वजनाचं बटण दाबलं होतं का विचारा, बहुतेक जण दाबतच नाहीत आणि मग इमिग्रेशन आणि अलास्कात तेल काढायचं का हे दोन्ही एकाच तराजूत बसतात.

आणि 'तटस्थ' दाबणाऱ्यांची वेगळीच गंमत आहे. जर्मनीत 'वाल-ओ-मात' नावाची क्विझ आहे, तिथे उत्तर जुळलं तर २ गुण, एक पायरी लांब असेल तर १, एकदम उलट असेल तर ०. म्हणजे जो माणूस सगळीकडे तटस्थ दाबत जातो त्याचे प्रत्येक पक्षाशी निदान ५० टक्के जुळणारच, कारण मधल्या खुर्चीवरून दोन्ही बाजू एकेक पायरीवरच असतात. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अशी माणसं भरपूर असतात, कोणाशीच वाकडं नाही आणि ठराव एकही पास नाही.

आता ८४ टक्केवाला अनोळखी गृहस्थ. छोट्या पक्षाच्या उमेदवाराला सरकार चालवायचं नसतं, कोणाशी तडजोड करायची नसते, त्यामुळे त्याची उत्तरं एकदम सुटसुटीत असतात, हे फुकट करू, ते बंद करू, आणि आपण घरी सोफ्यावर बसून उत्तरं देतो तेव्हा आपणही तसेच सुटसुटीत असतो, मग जुळतं. पण अमेरिकेत मत मोजतात कसं ते बघा. प्रेसिडेंट थेट देशभरच्या मतांवर निवडून येत नाही, राज्याराज्यातून निवडलेले ५३८ इलेक्टर असतात, म्हणजे प्रेसिडेंटला मत देणारे प्रतिनिधी, आणि त्यातले २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात सगळ्यात जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर, न्यू जर्सीचे १४ आहेत. म्हणून २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं जास्त पडली तरी त्या हरल्या. आणि २००० साली फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात फरक होता ५३७ मतांचा, आपल्याकडे एखाद्या मोठ्या टॉवरमध्ये तेवढे मतदार निघतील, आणि तिथेच राल्फ नेडर या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला ९७ हजारांवर मतं होती. त्या लोकांचे नेडरशी विचार मस्त जुळत असतीलही हो, पण त्यातल्या कित्येकांना दुसऱ्या नंबरचा पर्याय बुश होता की गोर, यावर अमेरिकेत अजून भांडणं होतात. क्विझ तुम्हाला विचार जुळतो का एवढंच सांगते. न्यू जर्सीत त्या मताचं पुढे काय होणार हा प्रश्न तिच्या हद्दीबाहेरचा आहे, तो मुलीनेच सोडवायचा.

अजून एक सांगते. मी हे उत्तर लिहायच्या आधी स्वतः एक क्विझ दिली, विरार लोकलमध्ये उभी राहून. दादरला सुरू केली, अंधेरीपर्यंत मजेत होते, मग फ्रॅकिंग, म्हणजे जमिनीतला खडक फोडून तेल-वायू काढणं, आलं, मग गन लायसन्स, मग गर्भपात, बोरिवलीपर्यंत मला कळलं की यातल्या निम्म्या गोष्टी प्रेसिडेंटच्या एकट्याच्या हातात नाहीतच. गर्भपाताचा प्रश्न तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२२ मध्ये राज्यांकडे टोलवला, पैसे आणि कायदे काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे. उलट न्यायाधीश म्हणून कोणाचं नाव सुचवणार, युद्धाच्या वेळी डोकं कितपत शांत राहील, हे जे खरोखर त्या एका माणसावर अवलंबून असतं ते माझ्या क्विझमध्ये कुठेच नव्हतं. काकूंना तो माणूस आवडत नाही ना, मग ते नावडणंसुद्धा माहितीच आहे, उगाच खोडून काढू नका.

उमेदवाराच्या नावापुढची उत्तरं कोणी भरली हेही बघा. जर्मनीत पक्ष स्वतः लिहून देतात आणि क्विझ तिथली सरकारी नागरिक-शिक्षण संस्था चालवते, २००२ पासून. अमेरिकेतल्या साइट्सवर बऱ्याचदा भाषणं आणि जुनी मतं चाळून साइटवालेच भरतात. मुळात हा प्रकार नेदरलँड्सचा, १९८९ ला पुस्तिका काढून सुरू झाला आणि १९९८ ला ऑनलाइन गेला. तिकडे अख्खा देश एकच मतदारसंघ, माणसापेक्षा पक्षाला मत, १५० जागा मतांच्या प्रमाणात वाटतात, तिथे विचार जुळवून मत देणं शोभून दिसतं. तेच कापड अमेरिकेच्या अंगाला शिवलंय म्हणून ते खांद्यात ओढतं.

तुमच्या मुलीला एवढंच सांगा की पहिल्या पानावरचे टक्के सोडून दे आणि खाली जिथे प्रत्येक प्रश्नावर कोण काय म्हणालं ते उघडतं तिथे अर्धा तास घालव. आपण कुठे कुठे वेगळे पडलो ते तिथे दिसतं, आणि मजा तीच आहे.

प्रश्न: ताई मी लालबागला राहतो, वय १९. आपल्या राष्ट्रपतींसाठी अशी क्विझ आहे का? आणि बीएमसीसाठी का नाही, मी तर स्वतः बनवायचा विचार करतोय. — कोडिंग शिकणारा

उत्तर: राष्ट्रपतींसाठी क्विझ बनवलीस तर ती देणार कोण, आपण त्या निवडणुकीत मत देतच नाही रे. निवडून आलेले खासदार आणि विधानसभेचे आमदार देतात, आणि प्रत्येकाच्या मताला वेगळं मूल्य. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७, आणि हा हिशोब १९७१ च्या लोकसंख्येवर. २०२२ ला खासदाराचं मूल्य ७०० होतं. यात व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, चालत नाही, मतदान गुप्त असतं. २००७ आठवतं का, तुला कसं आठवणार, तुझा जन्मच त्या सुमाराचा. प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या, समोर भैरोसिंह शेखावत, शिवसेना तेव्हा एनडीएत आणि एनडीएचा पाठिंबा शेखावतांना, तरी शिवसेनेने मत प्रतिभाताईंना दिलं कारण मराठी माणूस पहिल्यांदा राष्ट्रपती होत होता. कुठल्या क्विझने हे आधी सांगितलं असतं?

आमदारांची क्विझ तर आणखी अवघड. उमेदवाराचं वैयक्तिक मत तू कितीही बारकाईने नोंदव, सभागृहात व्हिप निघाला की त्याला पक्षाच्या बाजूने हात वर करायचाय, १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. आणि पक्षाचं म्हणशील तर २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्याकडे दोन पक्षांचे चार झाले, तुझं कोडिंग रात्रीतून जुनं.

बीएमसीची मात्र बनव, खरंच बनव. २२७ वॉर्ड आहेत, मधे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत तुला वेळ भरपूर. फक्त प्रश्न नीट काढ. 'खड्डेमुक्त रस्ते हवेत का' असं विचारलंस तर सगळे उमेदवार हो म्हणणार, तूही हो म्हणणार, सगळ्यांशी १०० टक्के. प्रश्न असा पाहिजे की हो म्हणताना कुठेतरी टोचलं पाहिजे. 'फूटपाथवरचे सगळे फेरीवाले हटवावेत, तुझ्या गल्लीतला वडापाववालासुद्धा.' 'बेस्टचं तिकीट परत ५ रुपयांवर आणावं आणि त्यासाठी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची मालमत्ता करमाफी काढावी.' बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं तेव्हा आमच्या स्टॉपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता, पण करमाफीला हात लावा म्हटलं असतं तर तेच लोक माझ्यावर धावून आले असते. असे पंधरा प्रश्न मिळाले तरी पुरेत.

आणि एक प्रेमळ इशारा, उमेदवार तुला उत्तरं देणार नाहीत. मग जे कागदावर आहे ते लाव. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, शिक्षण, गुन्हे सगळं लिहून द्यावं लागतं, मायनेता साइटवर ते वाचायला सोपं करून ठेवलेलं असतं, आणि मुंबईपुरतं प्रजा फाउंडेशन लोकप्रतिनिधींची प्रगतिपुस्तकं काढतं, कोणी किती प्रश्न विचारले, हजेरी किती. विचार जुळतात की नाही त्याच्या आधी माणूस सभागृहात जातो का ते तरी कळेल. एक लक्षात ठेव, पक्ष किती घेतोस त्यावरही भांडण होऊ शकतं. २०१९ ला वाल-ओ-मातला जर्मनीतल्या कोर्टाने काही दिवस थांबवलं होतं, कारण एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता यायची आणि व्होल्ट नावाच्या एका छोट्या पक्षाने म्हटलं की आम्ही यादीतच हरवतो. आपल्याकडे अपक्ष धरून एका वॉर्डात किती जण उभे राहतात ते तुला माहितीये.

प्रश्न: क्विझ संपल्यावर निकाल बघण्यासाठी मोबाईल नंबर आणि जन्मतारीख मागितली, मी दिली. आता रोज लोनचे फोन. काही संबंध असेल का? — विलेपार्ले

उत्तर: तुमच्याच बाबतीत नंबर तिथूनच गेला हे मी इथे बसून शपथेवर नाही सांगू शकत, पण बेरीज करायला जन्मतारीख लागत नाही हे नक्की. राज्य विचारलं तर समजू शकतं, मोबाईल नंबर कशाला? केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण २०१८ ला बाहेर आलं तेही एका क्विझपासूनच, फेसबुकवरची स्वभावाची क्विझ, दिली सुमारे २.७ लाख लोकांनी आणि माहिती गेली ८.७ कोटी लोकांपर्यंतची, कारण देणाऱ्यांबरोबर त्यांच्या फ्रेंड्सचीही उचलली. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे भारतात ते ॲप घेतलं ३३५ जणांनी आणि झळ पोहोचली असू शकते अशांची संख्या ५ लाख ६२ हजारांवर. तुम्ही १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, लावून घ्या, आणि पुढच्या वेळी निकालाच्या आधी नंबर मागितला की टॅब बंद.

प्रश्न: मला हवा तो उमेदवार येईपर्यंत मी चार वेळा क्विझ दिली. चौथ्यांदा आला. हे चालतं का? — गिरगाव

उत्तर: चालतं की. तुमचं मत आधीच ठरलेलं होतं हे तुम्हाला फुकटात कळलं. कोणती उत्तरं बदलल्यावर तो आला तेवढं मात्र आठवून बघा, गंमत येईल.

प्रश्न: सासूबाई माझ्या निकालाचा स्क्रीनशॉट मागतायत. दाखवू का? — नाव नको, दादर

उत्तर: अजिबात नको. सांगा बॅटरी संपली.