टिंब गेलं आणि गाढव आलं

देवगडच्या एका ताईंनी स्वतःची कविता पाठवली आहे. मचव्यावरून आलेला नवरा, ओट्यावर बसलेली बायको, तीन कडवी. खाली दोन प्रश्न: शीर्षक 'खर प्रेम' ठेवावं की 'खरे प्रेम'? आणि 'खरा' हा शब्द 'खारा'वरूनच आला ना?

पहिल्याचं उत्तर आधी, कारण त्याने माझं डोकं उठतं. 'खर' म्हणजे गाढव. रामायणातला खर-दूषणांमधला खर आठवा, किंवा साठ संवत्सरांतलं पंचविसावं नाव. तुम्हाला म्हणायचंय ते 'खरं', 'र'वर टिंब देऊन. 'खरे' लिहिलंत तरी चालेल, ते लेखी वळण. बोलण्यात त्याचं 'खरं' होतं, आमच्या मालवणीत 'खरां'. पण टिंब खाल्लंत तर ताई, तुमच्या कवितेत नवरा-बायको राहत नाहीत, गाढव येतं. हल्ली लग्नाच्या बॅनरवर 'खर प्रेम', मोबाइलवर 'खर सांगू', 'खर तर'. 'खरतर' म्हणजे संस्कृतात 'अधिक तीक्ष्ण'. तेवढी तीक्ष्ण बुद्धी टिंबाला लावली असती तर बरं झालं असतं.

आता 'खारा'. ही व्युत्पत्ती किनाऱ्यावर फार लाडकी आहे. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर ती प्रत्येक व्याख्यानात सांगतात: मीठ लावलेला बांगडा टिकतो, टिकतं ते सत्य, म्हणून खारं ते खरं. ऐकायला गोड, पण खोटं. 'खारा' आला 'क्षार'वरून, त्यातला आ मुळापासून दीर्घ. 'खरा' आला 'खर'वरून, त्यातला अ मुळापासून ऱ्हस्व. मध्ये एक काना आहे आणि तो काना मास्तरांना खारो बांगडो खाताना दिसत नाही. दुसरे एक पंडित 'अक्षर'मधला अ गाळून 'खर' काढतात: अविनाशी म्हणून सत्य. अ गळतो हे मान्य, अरण्याचं रान असंच झालं. पण 'खरा'च्या नात्यातले शब्द बघा की जरा. खरखरीत, खरपूस, प्रखर. यात अविनाशी काय आहे? सगळे कडक, टोचणारे, नाहीतर भाजलेले.

कारण संस्कृतात 'खर' हे विशेषणही आहे: कठीण, खरबरीत, तीक्ष्ण. माझं मत असं, की कठीणाचा 'सच्चा' झाला तो बाजारात. रुपया दाताखाली धरायचा, फरशीवर आपटायचा. दबला नाही, खणखणला, तर खरा. (शुद्ध सोनं मऊ असतं हे मला कळतं. मी रुपयाबद्दल बोलतोय, सोनाराने पत्र पाठवू नये.) आणि ते टोचणं अजून गेलेलं नाही, म्हणून तर खरं बोललं की सख्ख्या भावालाही राग येतो.

पण हे सगळं मी ज्यासाठी लिहितोय ते पुढेच आहे. आयुर्वेदात तेल-तुपाला 'स्नेह' म्हणतात. औषधी तेल कढवताना त्याचे तीन पाक सांगितले आहेत: मृदू, मध्यम आणि खर. तळाशी बसणारा औषधाचा गाळ, म्हणजे कल्क, मऊ असताना उतरवलं तर मृदुपाक. तो बोटांत वळून त्याची वात होऊ लागली की मध्यम. कडक, ठिसूळ झाला की खर. चरकाने कामंही वाटून दिली आहेत: मृदू नाकात घालायला, मध्यम पिण्याला आणि बस्तीला (म्हणजे एनिमाला), आणि खरपाक अंगाला चोळायला. म्हणजे शास्त्रात शब्दशः 'खर स्नेह' आहे! जास्त वेळ आचेवर राहिलेला, आणि चोळण्यासाठीच ठेवलेला. हे वाचलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याक कोणता लावतास ता आधी सांग."

आता ताई, तुमचं तिसरं कडवं. पहिल्या दोन कडव्यांतला चंद्र मला चालला नाही. किनाऱ्यावर चंद्राकडे भरतीसाठी बघतात. पण तिसऱ्यात ती नवऱ्याच्या पाठीला खोबरेल चोळते, दिवसभर बांगडे खारवून चिरा पडलेल्या हातांनी, आणि तो म्हणतो, "हळू गो, तुझे हात लागतत." ती हात काढत नाही. तिथे मी थांबलो. पुन्हा वाचलं. माझी आई सुकट निवडून आली की तसेच हात आमच्या केसांतून फिरवायची, आणि केस बोटांच्या चिरांत अडकायचे.

तुम्ही शीर्षकात टिंब विसरलात, पण त्या कडव्यात खरखरीत हात आहेत, स्नेह आहे आणि चोळणंही आहे. चरक वाचला होतात का? नसेल वाचला तर चंद्राची दोन्ही कडवी काढा आणि ते एकच ठेवा. 'हळू गो' तसंच राहू दे, प्रमाण मराठीत आणू नका.

आणि हो, टिंब.