‘केट ब्लँचेटनेही इकॉनॉमिक्स सोडलं होतं’ : सांगलीच्या एका आईंच्या पत्राला उत्तर

(पत्राचा गोषवारा : आई शाळेत शिक्षिका, वडील बँकेत. मुलगी पुण्यात एस.वाय. बी.ए.ला, विषय इकॉनॉमिक्स. पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजच्या एकांकिकेत काम केल्यापासून तिचं एकच चालू आहे, टी.वाय.ला प्रवेश न घेता अभिनयात उतरायचं. वडिलांना ती सी.ए. व्हायला हवी आहे. वाद निघाला की मुलगी मोबाइलवर एक रील दाखवते : ‘केट ब्लँचेटनेही इकॉनॉमिक्स अर्धवट सोडलं, आज तिच्याकडे दोन ऑस्कर आहेत.’ मधल्या काळात एका मराठी मालिकेत छोट्या भूमिकेसाठी विचारणा झाली आहे. ऑस्ट्रेलियात जाऊन शिकण्याचंही ती बोलते. आई विचारतात, हो म्हणू की नाही?)

नमस्कार ताई,

लेक खोटं बोलत नाही. केट ब्लँचेट मेलबर्न विद्यापीठात अर्थशास्त्र आणि ललित कला शिकत होती आणि ते शिक्षण तिने मध्येच सोडलं, हे खरं आहे. दोन ऑस्करही खरे. फक्त ते रील कॉलेज सोडण्यावरून थेट ऑस्करच्या व्यासपीठावर उडी मारतं. मधली वर्षं त्यात नाहीत, आणि तुमच्या घरातल्या वादाचं उत्तर नेमकं त्या वर्षांत आहे.

ती १९६९ ची, मेलबर्नची. वडील मूळचे टेक्सासचे, अमेरिकी नौदलात नोकरी केलेले. ती दहा वर्षांची असताना ते हृदयविकाराने गेले आणि तिघा भावंडांना आईने, आजीच्या मदतीने वाढवलं. नावाजलेलं फिल्मी घराणं पाठीशी नव्हतं. कॉलेज सोडून ती प्रवासाला निघाली, कैरोत खिशात पैसे नसताना बॉक्सिंगवरच्या एका इजिप्शियन चित्रपटात गर्दीतली एक म्हणून उभी राहिली. रीलवाल्यांना हा प्रसंग फार आवडतो. माझ्या लेखी त्याची किंमत शून्य आहे; गर्दीत उभं राहिल्याने कोणी नट होत नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती परत आल्यावर. सिडनीत नायडा नावाची राष्ट्रीय नाट्यशिक्षण संस्था आहे, १९५८ पासूनची. तिथे मार्कांवर नाही, ऑडिशनवर प्रवेश मिळतो. आवाज, शरीर, हालचाल, संहितेचं वाचन असं सगळं रोज करून घेणारा पूर्ण वेळाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. म्हणजे तिने एक शिक्षण सोडलं आणि त्याहून कडक शिक्षणात स्वतःला घालून घेतलं. १९९२ मध्ये ती तिथून बाहेर पडली.

नायडातलाच एक प्रसंग लेकीला जरूर सांगा. ‘इलेक्ट्रा’ हे ग्रीक नाटक बसत होतं. केटच्या वाट्याला इलेक्ट्राच्या आईची, क्लायटेम्नेस्ट्राची भूमिका आली होती. तालमी सुरू होऊन दोनेक आठवडे झाल्यावर मुख्य भूमिकेतली मुलगी बाहेर पडली आणि दिग्दर्शिका लिंडी डेव्हिस यांनी इलेक्ट्रा केटला दिली. तिच्या विद्यार्थिदशेतलं गाजलेलं काम ते हेच. तालमीच्या हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही कळेल की अशा वेळी भूमिका कुणाकडे जाते. जी दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना कोपऱ्यात मोबाइल बघत बसते, तिच्याकडे नक्कीच जात नाही.

लगेच पुढे सिडनी थिएटर कंपनीत डेव्हिड मॅमेट यांचं ‘ओलिॲना’. रंगमंचावर दोनच पात्रं, प्राध्यापक आणि विद्यार्थिनी. दोघांच्या नाटकात लपायला जागा नसते. समोरच्याचं वाक्य नीट ऐकलं नाही तर पहिल्या रांगेला लगेच दिसतं. समोर होता जेफ्री रश. त्याचंही ऐकून ठेवा, यजमानांना उपयोगी पडेल : क्वीन्सलंड विद्यापीठाची कला शाखेची पदवी, १९७१ पासून व्यावसायिक रंगभूमी, मध्ये पॅरिसला जाऊन जाक लेकॉक यांच्याकडे मूकाभिनयाचं शिक्षण, आणि ऑस्कर मिळाला तो १९९७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

१९९३ मध्ये सिडनीच्या नाट्यसमीक्षकांनी केटला एकाच वर्षी सर्वोत्कृष्ट नवोदित आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री असे दोन्ही पुरस्कार दिले. तोवर तिचा एकही मोठा चित्रपट आलेला नव्हता. नंतर नील आर्मफील्ड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफेलिया, टीव्हीवर थोडं काम. १९९७ साली ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकांचे तीन चित्रपट, त्यांतला एक ‘ऑस्कर अँड लुसिंडा’. आणि १९९८ साली ‘एलिझाबेथ’, ज्याने जगाला ती दिसली. इंग्लंडच्या राणीच्या भूमिकेसाठी ही फारशी माहीत नसलेली ऑस्ट्रेलियन मुलगी निवडणारा दिग्दर्शक आपला शेखर कपूर.

आता गंमत बघा, शेखर कपूर स्वतः चार्टर्ड अकाउंटंट आहेत. लंडनमध्ये सी.ए. झाले, ते काम केलं आणि मग सिनेमात आले. तेव्हा यजमानांना म्हणावं, तुमच्या सी.ए.चं उदाहरणही याच गोष्टीत आहे. एकाने पदवी पुरी करून वाट बदलली, दुसरीने अर्धवट सोडून बदलली, रशने पदवी घेऊन नाटकच केलं, आणि तिघंही पोचले. कॉलेज सोडणं हे यशाचं कारण नव्हतं आणि अडथळाही नव्हता. तुमच्या घरात मात्र सगळी भांडणं त्याच एका मुद्द्यावर चालली आहेत.

मग लेकीने सोडावं का? माझं उत्तर, नाही. पण ते ‘हाताशी डिग्री असलेली बरी’ या नेहमीच्या कारणासाठी नव्हे. ते वाक्य मुलांना तोंडपाठ झालेलं असतं. कारण अगदी व्यवहाराचं आहे. नायडाच्या दारात केटला कुणी पदवीचा कागद मागितला नाही. आपल्याकडे ज्या दारांवर ती उद्या उभी राहणार, तिथे तो मागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला कुठल्याही शाखेची पदवी लागते, शिवाय नाटकांत काम केल्याचा पुरावा आणि हिंदी-इंग्रजीची कामापुरती समज. पुण्याच्या एफ.टी.आय.आय. या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेचा अभिनयाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये एम.ए. करायचं तरी तेच. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतरही प्रवेश आहे, पण एस.वाय. झालेल्या मुलीने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्यापेक्षा टी.वाय. करून एम.ए.ला जाणं सोपं. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, हे ती सांगेलच. येतं. पण तो डिप्लोमा पदवीच्या जागी चालत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

तुलना करताना अजून एक फरक ध्यानात घ्या. सिडनी थिएटर कंपनी १९७८ मध्ये तिथल्या राज्य सरकारने उभी केली. सरकारी अनुदान, तिकीटविक्री, देणग्या यांवर ती चालते आणि नटाला तालमीच्या काळाचेही पैसे देते. उच्च शिक्षणाची फी नागरिकाला सरकारकडून कर्जरूपाने मिळते आणि ठरावीक कमाई सुरू झाल्यावर करातून वळती होते; ही सोय १९८९ पासूनची. म्हणजे पंचविशीतली केट नाटक करत होती तेव्हा तिच्या पायाखाली निदान एक फळी होती. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात प्रयोगाप्रमाणे नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, प्रायोगिकवाल्यांना तीही मिळेलच असं नाही, तालमीचं तर कोणी विचारतच नाही. ही फळी घरालाच घालावी लागते. म्हणून ‘हो की नाही’च्या आधी नवरा-बायकोने बसून ठरवा : पदवीनंतर किती वर्षं पुण्या-मुंबईतलं भाडं आणि जेवण तुम्ही उचलू शकता? दोन? तीन? तो आकडा लेकीला स्पष्ट सांगा. हा आकडा न सांगता ‘तुझ्या मनासारखं कर’ म्हणणारे पालक मला सी.ए.चा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा जास्त काळजीत टाकतात.

मालिकेचं आता. विचारणा झाली ही चांगली गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. पण सेट ठाण्याला घोडबंदर रोडकडे, बारा-तेरा तासांची शिफ्ट, सेटवर हजर व्हायची वेळ आदल्या रात्री कळणार आणि पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येणार. याच्यासोबत टी.वाय. होत नाही, हे मुलींच्या अनुभवावरून सांगतो. शिवाय त्या वेगात नवशिक्या मुलीला शिकवायला कोणाला वेळ नसतो. उभं राहायची खूण कुठे, लाइट कुठे, वाक्य म्हण, पुढे चल. केटनेही टीव्ही केला, पण नायडा आणि रंगमंच झाल्यावर. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत बसणारं चार-सहा दिवसांचं काम असेल तर खुशाल करू दे. त्यापलीकडे असेल तर या वर्षी नको.

हे वर्ष-दीड वर्ष मोकळं मात्र जाऊ देऊ नका. पुण्यात तिला नाट्यसंस्थांची कमतरता नाही. एखाद्या गटात जाऊन मिळेल ते काम करावं, बॅकस्टेजसुद्धा. राज्य नाट्य स्पर्धेत, एकांकिका स्पर्धांत उभं राहावं, जेणेकरून नाट्य विद्यालयाच्या अर्जात नाटकांची यादी भरता येईल. हिंदी मोठ्याने वाचायची सवय लावावी. सांगलीकडच्या मुलांची तिथे फार फजिती होते.

‘एकदा नाव झालं की मेहनत संपते’ असं तिला वाटत असेल तर केटचा उत्तरार्ध दाखवा. हॉलिवूडमध्ये मागणी असताना २००८ मध्ये ती आणि तिचा नाटककार नवरा अँड्र्यू अप्टन यांनी सिडनी थिएटर कंपनीची धुरा हाती घेतली. म्हणजे नाटकं निवडण्याबरोबर हिशेब, देणगीदार, अगदी बंदराच्या धक्क्यावरच्या कंपनीच्या जुन्या इमारतीच्या छतावर सौर पॅनल बसवणं, हे सगळं आलं. (तिथे ते अर्धवट इकॉनॉमिक्स उपयोगी पडलं का, हे मला तिला विचारायला आवडेल.) पुढच्याच वर्षी लिव्ह उलमन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ नाटकात ब्लँशची मुख्य भूमिका. एका प्रयोगात सहकलाकाराने फेकलेला रेडिओ डोक्याला लागून रक्त आलं आणि प्रयोग थांबवावा लागला. पुढे हेच नाटक वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला गेलं. आणि पन्नाशी उलटल्यावर, २०२२ च्या ‘टार’ चित्रपटासाठी, ती वाद्यवृंदाचं संचालन, पियानो आणि जर्मन भाषा शिकायला बसली.

ऑस्ट्रेलियाला जाऊन शिकण्याबद्दल थोडक्यात. नायडात परदेशी विद्यार्थी अर्ज करू शकतात, पण वर सांगितलेलं सरकारी कर्ज त्यांना नाही. पूर्ण फी आणि सिडनीचा राहण्याचा खर्च खिशातून. शिकून झाल्यावर काम मिळवायचं तेही तिथल्या बोलीत आणि तिथल्या व्हिसावर. इथे दोन-तीन वर्षं रंगमंचावर काढल्यावरही ओढ राहिली तर तेव्हा बोलू.

एक विचारू का? पत्रात तुम्ही लिहिलंय की एकांकिकेच्या वेळी शाळेत परीक्षा होत्या म्हणून जाता आलं नाही, यजमानही गेले नाहीत. म्हणजे ज्या कामावरून घरात सहा महिने वाद चालू आहे ते तुम्ही दोघांनी पाहिलेलंच नाही. पुढचा प्रयोग असेल तेव्हा रजा टाका आणि दोघं जा. प्रयोगानंतर तिच्या दिग्दर्शकाला गाठून दोन प्रश्न विचारा : तालमीला वेळेवर येते का, आणि सूचना दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात फरक दिसतो का. ‘तिच्यात टॅलेंट आहे का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्या दोन प्रश्नांची उत्तरं आली की मला पुन्हा लिहा.

आणि ताई, पत्राच्या शेवटी घाईत लिहिलेली ओळ : कोणी एक कोऑर्डिनेटर पोर्टफोलिओचे म्हणून पंचवीस हजार मागतो आहे आणि त्या बदल्यात मालिकेतली भूमिका ‘पक्की’ करतो म्हणतो. एक रुपयाही देऊ नका. ऑडिशनला साध्या उजेडात काढलेले दोन-तीन फोटो आणि मोबाइलवर केलेला मिनिटभराचा व्हिडिओ पुरतो. विचारणा खरंच मालिकेकडून आली आहे की याच माणसाकडून, हे आधी लेकीकडून नीट समजून घ्या. याच माणसाकडून आली असेल, तर मालिकेबद्दल मी वर जे लिहिलं ते तूर्त बाजूला ठेवा आणि लेकीला त्याचा नंबर ब्लॉक करायला सांगा.